थकण्याआधीचा विसावा
(शब्बाथ संपल्यानंतर सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या भाषणाच्या ध्वनिमुद्रणावरून)



दीर्घकाळच्या थकव्याच्या आजाराविषयी बोलावे, अशी विश्वस्त मंडळींची इच्छा होती. हा आजार मला अनेक वर्षे आहे, म्हणून हा मान मला मिळाला. मी बसूनच बोलणार आहे, त्याचे कारण ओघाने येईल.

इंग्रजीत या आजारास क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. नाव थोडे फसवे आहे, कारण थकवा कोणास येत नाही? परंतु राबलेला मनुष्य रात्री झोपतो आणि सकाळी ताजा उठतो. या आजारात झोप होते, ताजेपणा येत नाही. 2015 साली अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने त्याच्या खुणा ठरवून दिल्या. सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्वीची कामे न झेपणे, झोपेने ताजेपणा न येणे आणि श्रमानंतर प्रकृती ढासळणे, या तीन हव्यातच. त्यांच्या जोडीला विचार व स्मरण मंदावणे किंवा उभे राहिल्यावर त्रास वाढणे, यांपैकी एक तरी हवी.

यातील श्रमानंतरची ढासळण हे या आजाराचे मर्म होय. आज बाजारहाट केला, तर अंग आज तक्रार करीत नाही. उद्या किंवा परवा ते कोसळते आणि मग कित्येक दिवस अंथरूण सुटत नाही. श्रम म्हणजे केवळ अंगमेहनत नव्हे. लांबलेले दूरध्वनी, हिशेब, पाहुण्यांची वर्दळ, हेही श्रमच. पाहणाऱ्यास मात्र कालचा हसताबोलता मनुष्य आठवतो आणि तो म्हणतो, "याला काही झालेले नाही."

हा आजार दाखवून देणारी रक्ततपासणी अद्याप नाही, समूळ बरे करणारे औषधही नाही. म्हणून रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षय, निद्राविकार, खिन्नता यांची तपासणी आधी झालीच पाहिजे. गोव्यातील स्त्रियांच्या एका पाहणीचा अहवाल 2005 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. शंभरांतील सुमारे बारा जणींनी सहा महिन्यांहून जुना थकवा सांगितला, आणि त्याचा संबंध रक्तातील लोहद्रव्यापेक्षा गरिबी, मनावरचा ताण आणि घरातील जाच यांच्याशी अधिक दिसला. तो सारा थकवा म्हणजे हा आजार नव्हे. परंतु घरातील बाई "थकले" म्हणते तेव्हा लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपवू नये, एवढे त्यातून शिकावे.

मी कुवेतमधील शुऐबा येथे नोकरीस होतो. एका बाजूस समुद्र व बंदर, दुसऱ्या बाजूस कारखाने. तेथील तेलशुद्धीकरण कारखाना 1968 साली सुरू झाला आणि 2017 साली बंद झाला. तेथेच एका तापानंतर हे दुखणे जडले. त्याच्याशी कसे राहावे, याचा धडाही मला त्याच देशातील एका नियमात सापडला. कुवेतमध्ये 1 जून ते 31 ऑगस्ट या काळात सकाळी 11 ते दुपारी 4 पर्यंत उघड्यावर काम करण्यास मनाई असते. मजुरास चक्कर आली की नाही, हे कोणी विचारीत नाही. घड्याळात अकरा वाजले की हत्यार खाली ठेवायचे.

माझा दिवस मी तसाच बांधला आहे. थकल्यावर विसावा घेणे म्हणजे उशीर झालेला असतो, म्हणून विसावा घड्याळाने घ्यायचा. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, अंधाऱ्या शांत खोलीत आडवे पडायचे. स्नान स्टुलावर बसून, भाजी चिरणे बसून. मोठ्या कामाचे तुकडे करून ते दोन-तीन दिवसांत वाटायचे. शब्बाथचा स्वयंपाकही आमच्या घरी बुधवारपासून थोडा थोडा होतो. आणि सर्वांत कठीण नियम असा की, बरे वाटते त्या दिवशी जास्त काम करायचे नाही. व्यायाम ठरावीक मापाने वाढवीत नेण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 साली तो मागे घेतला आणि आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहण्यावर भर दिला.

हे आपल्याला नवे वाटू नये. कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत. गावचे इतर घाणे चालत असता शनिवारी त्यांचा घाणा थांबे. तेल गाळून संपले म्हणून तो थांबत नसे, सूर्य मावळला म्हणून थांबे. शब्बाथ हे संपलेल्या कामाचे बक्षीस नाही. काम अपुरे असतानाच तो येतो, आणि आपण थांबतो. आजाऱ्याला असा छोटा शब्बाथ रोज पाळावा लागतो. त्याला आळस म्हणू नये.

इलियाहू हन्नाबीचे नाव आपण प्रत्येक मलिद्यात घेतो. तो रानात झुडपाखाली खचून पडला, मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला, तर झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे, हे त्याने मान्य केले. होरेबची वाट त्यानंतरची.

म्हणून माझी विनंती अशी. आपल्या आळीत असा कोणी असेल तर "तेफिल्ल्याला का आला नाहीस?" असे विचारू नका. जाण्याआधी कळवा, पंधरा मिनिटे बसा, डबा ठेवा आणि निघा. सिनेगॉगात दाराजवळ एक खुर्ची राखून ठेवा. उभे राहण्याच्या प्रार्थनेत आजाऱ्यास बसण्याची मुभा आहे, हे सर्वांस सांगा. किप्पूरच्या उपासाविषयी त्याने डॉक्टरांना आणि जाणत्यांना आधी विचारावे. प्राणरक्षण उपासाहून मोठे आहे. आणि तो आला नाही, तर मिन्यानातून त्याचे नाव वजा करू नका. पुढच्या शब्बाथला पुन्हा बोलवा.