उट्टे आणि प्रतिकार



माझे इंग्रजी शाळेतले नव्हे. कारखान्यातल्या नोटिसा वाचता वाचता आलेले. त्या भाषेत ‘गेट बॅक’ म्हणजे परत येणे. त्याला ‘अॅट’ एवढे शेपूट जोडले की अर्थ होतो उट्टे काढणे. या ‘अॅट’पुढे माणूस येतो, हे ध्यानात घ्या. ‘फाइट बॅक’ म्हणजे प्रतिकार. तिथे अमुक एक माणूस समोर असावाच लागत नाही. आपल्या मराठीतही डूख धरतात ते माणसावर आणि दाद मागतात ती अन्यायाविरुद्ध.

या दोन्ही गोष्टी नाशिकने पाहिल्या आहेत. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांच्या काळ्या पाण्याचा तो सूड होता. १९१० साली ते फासावर गेले. त्या धैर्यापुढे मान लवतेच; पण जॅक्सनच्या खुर्चीत दुसरा साहेब आला, आणि राज्य तेच राहिले.

२ मार्च १९३० रोजी याच गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड. रामनवमीला सत्याग्रहींवर दगड आले. तरी त्यांची मागणी कोणा पुजाऱ्याच्या डोक्याची नव्हती, दाराची होती. दार उघडले नाही, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. तिने कोणाच्या अंगावर ओरखडा उठला नाही. पण साऱ्या देशाला विचार करावा लागला.

आता कारखान्याकडे वळू. कामगाराने तक्रार केली की त्याची दूर बदली होते, किंवा काही खुसपट काढून त्याला घरी बसवतात. हे साहेबाचे उट्टे. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने आकसाने केलेली बडतर्फी ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. पण त्याच कायद्याने साहेबाच्या घरासमोर संघटनेने निदर्शने करणे हेही अनुचितच म्हटले. पुष्कळांना हे झोंबते. मला ते रास्त वाटते. साहेबाच्या घरात त्याची बायकापोरे असतात. आपले भांडण कारखान्याच्या फाटकाशी आहे.

तरुण कामगार विचारतात, “मग अपमान गिळायचा काय?” मुळीच नाही! तक्रार लेखी द्या, पोच घ्या, साक्षीदार जोडा, आणि चौघे मिळून दारात उभे राहा. सूड एकट्याला उगवता येतो. प्रतिकाराला मात्र सोबती लागतात, आणि सोबती जमले म्हणजेच संघटना उभी राहते.