परगांवचें मंडळ

एखाद्या मासिकाचा वर्गणीदार ज्या गांवांत कोणीच नसतो, त्या गांवच्या टपालांत त्याचा अंक कधींच येत नाहीं. मासिक नियमानें निघत असतें, त्याचा लौकिकहि असतो. परंतु त्या गांवापुरतें तें नसल्यासारखेंच. ‘लेमी’ नांवाच्या समाजजालांत प्रथम पाऊल टाकणारा जो बुचकळ्यांत पडतो, त्याचें मूळ याच गोष्टींत आहे.

लेमीचा आरंभ २०१९ सालचा. रेडिटप्रमाणें त्याचा कारभार एका कंपनीच्या हातीं नाहीं. शेंकडों सर्व्हर निरनिराळ्या हौशी मंडळींनीं चालविलेले आहेत. आणि ॲक्टिव्हिटीपब नांवाचा जो संकेत २०१८ च्या जानेवारींत सर्वमान्य ठरला, त्याच्या आधारें ते परस्परांशीं व्यवहार करतात. म्हणून एका सर्व्हरवर खातें असलें म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरील मंडळांत, तेथें नवें खातें न काढतां, सामील होतां येतें.

पत्ता मात्र पुरा हवा. आधीं उद्गारचिन्ह, मग मंडळाचें नांव, मग ‘ॲट’चें चिन्ह आणि शेवटीं सर्व्हरचें नांव. एकाच नांवाचीं मंडळें अनेक सर्व्हरांवर असूं शकतात, तेव्हां नुसत्या नांवानें शोधणारा बहुधा भलत्याच दारीं जातो किंवा रिकाम्या हातानें परततो. पुरा पत्ता मिळाला कीं खातेदाराचा सर्व्हर परक्या सर्व्हरकडे चौकशी करतो. पहिला वर्गणीदार नोंदला गेला म्हणजे नवा मजकूर येऊं लागतो, व त्या एका प्रतीवर सारा गांव वाचतो. मागील अंक मात्र थोडेच मिळतात. त्यामुळें गजबजलेल्या मंडळाचें पानहि प्रथम ओकेंबोकें दिसतें. तेवढ्यावरून तें ओस पडलें आहे असें समजूं नये.

हा सारा व्यवहार दोन सर्व्हरांच्या सलोख्यावर अवलंबून आहे. २०२३ च्या जूनमध्यें रेडिटवर रुष्ट झालेले असंख्य लोक लेमीकडे वळले. त्याच महिन्यांत ‘बीहॉ’ या सर्व्हरनें ‘लेमी डॉट वर्ल्ड’ या मोठ्या सर्व्हरशीं संबंध तोडला. तेथें कोणासहि मुक्त प्रवेश असल्यामुळें येणाऱ्या गर्दीवर देखरेख ठेवणें थोड्याशा स्वयंसेवकांस झेपेना. कांहीं आगंतुकांच्या वर्तनाचा दंड निरपराध सभासदांनींहि भरला. तरीहि चालकांस दोष देववत नाहीं; फुकट राबणाऱ्याच्या शक्तीला मर्यादा असतेच.

त्याहून मोठा प्रसंग २०२५ चा. ‘लेम डॉट ई’ हा नांवाजलेला सर्व्हर चालविणारे थकले व जूनअखेर त्यांनीं तो बंद केला. त्यावरील मंडळांच्या प्रती इतरत्र शिल्लक राहिल्या, जुनें लेखन वाचतांहि येई. परंतु नवा मजकूर चोहोंकडे वांटणारें मूळ घरच नाहींसें झालें. अशा प्रतींत कोणी कांहीं लिहिलें, तर तें त्याच्याच सर्व्हरपुरतें राहतें, आणि लिहिणाऱ्यास वाटतें, कोणी उत्तर कां देत नाहीं?

पूर्वसूचना मिळाली असल्यामुळें पुष्कळ मंडळांनीं अन्यत्र बिऱ्हाड केलें. खातेदारासहि आपल्या मंडळांची यादी सेटिंग्जमधून उतरवून घेतां येते व नव्या सर्व्हरवर चढवितां येते. लेखन मात्र बरोबर नेतां येत नाहीं. इतर सर्व्हरांवर उरलेल्या प्रतींत तें जुन्याच पत्त्यानिशीं राहतें.