मोत्याच्या नावाचा एक डबा



माणसांसाठी घरात औषधाचा डबा असतोच. पण अंगणातल्या मोत्याला काही झाले, की धावपळ सुरू होते. कुणी जखमेवर रॉकेल ओततो, कुणी आपलीच तापाची गोळी त्याला चारतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही माणसांची औषधे कुत्र्याच्या यकृताला आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात. तेव्हा मोत्याच्या डब्यात ही औषधे नकोत, हा पहिला नियम.

आता हवे ते सांगतो. निर्जंतुक गॉज, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, रबरी हातमोजे, सलाइनची बाटली, पोव्हिडोन आयोडीन, बिनसुईची मोठी सिरिंज, डिजिटल थर्मामीटर आणि जुनी स्वच्छ चादर. जखम आधी सलाइनने धुवावी. आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करून मग लावावे. रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून दाबून धरावे, सारखे उचलून पाहू नये. पावसाळा सरला की बांधावरची कुसळे पंजात नि कानात शिरतात. पंजातले वर दिसणारे कुसळ चिमट्याने काढा. कानात गेलेले मात्र डॉक्टरांवर सोडा. गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये.

दुखणारे कुत्रे मालकालाही चावते. म्हणून डब्यात एक लांब कापडी पट्टी ठेवा. ती तोंडाभोवती गुंडाळून कानांमागे बांधता येते. मात्र कुत्रे धापा टाकत असेल किंवा ओकत असेल, तर तोंड बांधू नका.

अकोला-अमरावतीच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करते. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. उन्हातून आलेल्या कुत्र्याचे १०४ च्या वर गेले तर सावलीत न्या, अंगावर साधे पाणी घाला, पंखा लावा. १०३ वर आले की पाणी थांबवा. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवाच.

कपाशीवर फवारणी सुरू असताना विषबाधेची भीती असते. अशा वेळी ओकारी काढायला मीठ-पाणी पाजू नका. अंगावर औषध सांडले असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत घ्या. साप चावला तर चिरा देणे, आवळून बांधणे टाळा. कुत्र्याला चालवू नका, चादरीत उचलून न्या.

डब्याच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवा. त्यावर जवळच्या पशुवैद्यकाचा नंबर, कुत्र्याचे वजन आणि रेबीजची लस टोचल्याची तारीख लिहा. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. पण अकोट, तेल्हारा, दर्यापूरकडच्या खेड्यातून तिथे पोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळापुरताच हा डबा आहे, तो डॉक्टरांची जागा घेत नाही.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. कुठलेही कुत्रे चावले, ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर जीव वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून साबणाची एक वडीही या डब्यात असू द्या.