दुखणे नाकाचे, बहिरेपण कानाला

(वर्षावासात विहारात, भाईंदर पश्चिम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासात धम्म सोडून आम्ही नाक-कानावर बोलतो आहोत, याचे कुणाला नवल वाटेल. पण विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचा स्वतंत्र खंडच आहे. पिलिंदवच्छ भिक्खूंना मस्तकाचा त्रास झाला तेव्हा तथागतांनी नाकात औषध घालण्यास, त्यासाठी साधन वापरण्यास अनुमती दिली. जीवकाने साकेतच्या श्रेष्ठीपत्नीचा सात वर्षांचा शिरोरोग नाकावाटे औषधी तूप देऊन घालवला, तोही महावग्गातच. मात्र हे ऐकून कुणी घरी नाकात तूप ओतू नये; जीवक तक्षशिलेला सात वर्षे शिकला होता!

नाक सतत चोंदलेले, कपाळ जड, वास येत नाही, डाळ करपली तरी कळत नाही. बारा आठवड्यांहून अधिक असे चालले तर ती साधी सर्दी नव्हे, सायनसचा जुनाट आजार आहे. काहींच्या नाकात सोललेल्या द्राक्षासारखे मऊ कोंब वाढतात. लोक त्याला ‘हाड वाढले’ म्हणतात, पण ते हाड नसते. सुजलेले अस्तर असते.

आता कानाचा संबंध. नाकाच्या मागून कानाच्या पडद्याआडच्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी जाते. आवंढा गिळला की ती उघडते व आत हवा जाते. नाकाच्या सुजेने तिचे तोंड मिटले की आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, पाणी साचते. कानात दडे बसतात, स्वतःचाच आवाज घुमतो. घरात टीव्हीचा आवाज वाढतो, आणि ‘हल्ली हे आमचे ऐकतच नाहीत’ म्हणून भांडणेही होतात. ऐकू येत नाही, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

दमा आणि नाकात कोंब असे दोन्ही असणाऱ्यांनी विशेष जपावे. त्यांच्यापैकी काहींच्या कानात डिंकासारखा चिकट स्राव साचतो. जपानी डॉक्टरांनी या प्रकाराचा पुष्कळ अभ्यास केला आहे. हा स्राव नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, आणि दुर्लक्ष झाल्यास आतल्या कानालाही इजा होते. तेथे गेलेले ऐकणे सहसा परत येत नाही. यांच्यातल्याच काहींना अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळीने दम्याचा जोरदार झटका येतो. ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

आम्हाला राग येतो तो कानात कोमट तेल सोडण्याचा आणि स्टेशनबाहेर कान कोरून घेण्याचा. रोग पडद्याच्या पलीकडे आहे, तेल अलीकडे! नाक मोकळे करणारे थेंबही पाच-सात दिवसांपलीकडे घालू नयेत; मग त्यांच्यामुळेच नाक चोंदते. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा फवारा मात्र रोज, आठवडेच्या आठवडे मारावा लागतो. डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजवीला डावा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे तर पाणी उकळून गार केलेलेच हवे, नळाचे थेट नको. शस्त्रक्रियेने कोंब काढले तरी ते पुन्हा वाढू शकतात, म्हणून नंतरही फवारा सोडू नये.

एकाच नाकपुडीत कोंब, नाकातून रक्त, मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी, कानातून दुर्गंधीयुक्त पू, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. दुर्बिणीने तपासणी झालीच पाहिजे.

‘खासगी डॉक्टर परवडत नाही’ हे खरे. पण आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर विलेपार्ल्याला कूपर आणि मुंबई सेंट्रलला नायर ही पालिकेची रुग्णालये आहेत. तेथे कान-नाक-घसा विभाग आहे. श्रवणचाचणीसाठी वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था 1983 पासून आहे. जाताना जुने केसपेपर आणि चालू औषधांची चिठ्ठी न्यावी, आणि कानाची तक्रार सांगताना नाकाचीही सांगावी; ती विचारतीलच असे नाही.