यशाचे माप कोणाचे?

(बचत गटांतील भगिनींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



उद्योजक यशस्वी झाला की नाही, हे आपण त्याच्या उलाढालीवरून आणि मालकाच्या संपत्तीवरून ठरवतो. हे माप खोटे नाही. पण ते एकमेव आहे असे मानण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रातील स्त्रियांनी स्वतःची मापे घडवली आहेत. त्यांतील दोन उदाहरणे आज आपल्यासमोर ठेवतो.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. त्यांपैकी एक जसवंतीबेन पोपट. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्यातूनच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. १९६६ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली.

या संस्थेला एक मालक नाही. पापड लाटणारी प्रत्येक भगिनी तिची सहमालक आहे आणि नफातोट्यात तिचा वाटा आहे. केंद्रावर पीठ मळले जाते, भगिनी ते घरी नेतात, पापड लाटून-वाळवून दुसऱ्या दिवशी आणून देतात आणि मोबदला घेतात. मात्र प्रतीच्या बाबतीत गय नाही. घटक तेच, चव तीच. दया म्हणून कोणी हे पापड विकत घेतले नाहीत, ते चांगले होते म्हणून घेतले. आज ४० हजारांहून अधिक भगिनी या संस्थेत आहेत. २०२१ मध्ये जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याचे. म्हसवड येथे लोहारकाम करणाऱ्या एका भगिनीला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालण्याच्या कापडासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते. इतकी लहान रक्कम बँक स्वीकारेना. तेव्हा चेतना सिन्हा यांनी स्त्रियांची बँक काढायचे ठरवले. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत, या कारणाने परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला. त्या रडत बसल्या नाहीत, अक्षरे गिरवू लागल्या. पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांनाच आव्हान दिले : व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुम्ही यंत्राशिवाय करून दाखवा! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

गिरगावच्या भगिनींनी यश मोजले ते किती घरांत मिळकत पोहोचली यावर. माणच्या भगिनींनी ते मोजले स्वतःच्या नावाच्या पासबुकावर. दोन्ही ठिकाणी हिशेब चोख होता, हे विसरू नका. स्वतःचे माप म्हणजे ढिलाईची सवलत नव्हे.

आता प्रश्न आपल्या घरचा. रात्री जागून चकल्या, मसाले, पिशव्या तयार करणाऱ्या भगिनीच्या कामाला आपण अजून ‘वेळ घालवायचे साधन’ म्हणतो काय? तिची मिळकत कोणाच्या खात्यात जमा होते? ती कशी खर्च व्हावी, हे कोण ठरवते? सभागृहात मागे बसलेल्या बंधूंनाही माझे हेच विचारणे आहे. कुटुंब दोघांचे असेल, तर हिशेबाची वहीही दोघांसमोर उघडली पाहिजे. ज्या भगिनींचे स्वतःच्या नावाचे खाते नाही, त्यांनी या आठवड्यात ते उघडावे, एवढीच विनंती करून मी थांबतो.