फरशीच्या दरजा आपल्याच हातानं
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज हप्ता, थकबाकी काही नाही. आज फरशीवर बोलायचं आहे. म्हणजे दोन फरशांच्या मधे जी फट असते तिच्यावर. मिस्त्री लोक तिला दरज म्हणतात.

आपल्याकडं बहुतेक घरांत शहाबादी फरशी आहे. काही वर्षांत दरजेतलं सिमेंट भुगा होऊन निघतं. मग पोछ्याचं पाणी खाली झिरपतं, खालची रेती सरकते आणि फरशी डुगडुगायला लागते. मुंग्या त्याच फटीतून माती वर आणतात. तुरीचे, तांदळाचे दाणे अडकतात, त्यामागं झुरळं येतात. पावसाळ्यात विंचू कुठून आला म्हणून आपण दार पाहतो, तो खालून आलेला असतो.

गृहभेटीला गेले की मी विचारते, हे भरत का नाही? उत्तर ठरलेलं: "मिस्त्रीले सांगून ठेवलं हाये." एवढ्याशा कामाला मिस्त्री येत नाही. त्याचंही बरोबर आहे, अर्ध्या दिवसाच्या कामासाठी तो दुसरीकडची रोजी का बुडवेल?

मला दुसरंच नवल वाटतं. घर मातीचं होतं तोवर जमीन बाईच्याच हातात होती. पोपडा कुठं निघाला, कुठं खळगा पडला, शेणात माती किती घालायची, हे तिला कुणी शिकवलं नाही. फरशी आली आणि त्याच जमिनीची दुरुस्ती एकदम पुरुषाचं काम झाली. वजनदार फरशी बसवणं वेगळं, पण दरज भरणं म्हणजे सारवणाचंच भावंड आहे.

तर काम कसं करायचं ते सांगते.

आधी फरशी वाजवून पाहा. लाकडी मुठीनं ठोका. आवाज भरीव आला तर चांगलं. पोकळ आला किंवा फरशी हलली, तर नुसती दरज भरून उपयोग नाही, ती फरशी उचलून परत बसवावी लागते. त्यासाठी मात्र मिस्त्रीच बोलवा.

मग दरज कोरायची. सगळ्यात जास्त वेळ इथं द्यायचा, आणि नवशिके नेमका इथंच घाई करतात. सुटलेलं जुनं सिमेंट अर्धा ते पाऊण इंच खोल निघालं पाहिजे. वरवर खरवडून पातळ थर दिला की तो महिन्या-दोन महिन्यांत पापडासारखा सुटतो. बारीक छन्नी दरजेच्या रेषेत धरा, हलके ठोके द्या. फरशीच्या कडेवर छन्नी टेकली की टवका उडालाच समजा. डोळ्याला चष्मा लावा, साधा चालेल. नंतर तारेचा ब्रश फिरवून धूळ झाडून काढा. मग पाणी शिंपडा. दरज ओली हवी, पण तिच्यात पाणी साचलेलं नको. कोरडी राहिली तर दगडच मसाल्यातलं पाणी पिऊन घेतो.

मसाला एकास तीन. एक वाटी सिमेंट, तीच वाटी मोजून तीन वाट्या रेती. रेती कन्हानची असो की क्रशरची, बारीक चाळणीनं चाळून घ्या. आधी कोरडंच कालवा, रंग एकसारखा झाला की थोडं थोडं पाणी. मुठीत दाबलं तर लाडू वळावा, पण तळहाताला पाणी सुटू नये. अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. घट्ट झालेल्या मसाल्यात परत पाणी घालून तो जिवंत होत नाही.

पुष्कळ ठिकाणी नुसत्या सिमेंटचा घोळ दरजेत ओततात. सोपं वाटतं. पण रेतीशिवाय सिमेंट वाळताना आकसतं आणि मधोमध चीर पडते.

आता हिशोब. आपण हिशोबवाल्या बाया आहोत! दहा बाय बाराची खोली, दोन बाय दोनच्या फरशा, म्हणजे ३० फरशा. मधल्या दरजा ९८ फूट, भिंतीकडेच्या ४४, एकूण १४२ फूट. पाव इंच रुंद, पाऊण इंच खोल दरजेला सिमेंट लागतं अडीच-तीन किलो. दरजा अर्धा इंच रुंद असल्या तर दुप्पट धरा. गोणी असते ५० किलोची. एका खोलीच्या दरजांसाठी अख्खी गोणी कुणी सांगितली, तर त्याला ही वजाबाकी दाखवा. चार-पाच घरांनी मिळून एक गोणी आणली तरी चालते.

भरताना थापीवर मसाला घ्या आणि जुन्या चमच्याच्या दांड्यानं दरजेत दाबा. एकदम नाही, दोन थरांत, ठासून. वरची पातळी फरशीबरोबर किंवा केसभर खाली. हातात रबरी मोजे हवेतच. ओलं सिमेंट चुन्यासारखं चावतं, बोटं सोलतात, बांगड्यांखाली तर जखमा होतात. डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि दवाखान्यात जा.

फरशीवर सांडलेलं तिथल्या तिथं ओल्या, पिळलेल्या फडक्यानं तिरपं पुसा. वाळल्यावर ॲसिडनं धुऊ म्हणाल तर नको! शहाबादी, कोटा, कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. लिंबाचा थेंब पडला तरी पांढरा डाग उठतो, ॲसिड तर वरचा थरच खातं. सिमेंटही चुनखडीचंच, आपल्या शेजारी चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरकडं त्यासाठीच कारखाने आहेत. म्हणून ॲसिड फरशीही खातं आणि नवी दरजही.

एक दिवस त्यावर चालू नका. पुढं सात दिवस ओली पोती अंथरून ठेवा. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर हे काम काढूच नका. पारा पंचेचाळीसला टेकला की मसाला पकडायच्या आधीच वाळतो. दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

आता मुद्द्याचं. या सभेत कितीतरी जणी बांधकामावर रेजा म्हणून जातात. मसाला कालवतात त्याच, घमेलं उचलतात त्याच. एक काकू मला म्हणाल्या, "माल बिघडला त मिस्त्री मलेच बोलते, म्हंजे कसा असाव ते मलेच माहीत असन ना?" बरोबर आहे. तरी थापी मिस्त्रीच्या हातात आणि मजुरीतला फरकही तिथंच. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ मध्येच झाला, पण काम 'समान' ठरायला आधी थापी हातात यावी लागते. झारखंडमध्ये स्वच्छ भारतची शौचालयं बांधता बांधता बाया गवंडी झाल्या, लोक त्यांना राणी मिस्त्री म्हणतात. घरकुल योजनेतही ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे. कुणाला जायचं असेल तर नाव द्या, पंचायत समितीत मी सोबत येते.

आणि रेजा ताईंनो, वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६०. ठेकेदाराचा नाहीतर ग्रामसेवकाचा दाखला चालतो. नवऱ्याची नोंदणी आहे म्हणून तुमची झाली असं होत नाही.

पुढच्या गुरुवारी ग्रामसंघाच्या खोलीची फरशी आपण भरू. दाराजवळच्या दोन फरशा पोकळ वाजतात, त्या सोडून बाकी सगळ्या. कालवायचं काम त्या काकू सांगतील, मी फक्त कोरायला बसेन. येताना जुना चमचा, चाळणी आणि एक पोतं आणा. सिमेंट मी आणते, तीन किलो.