मोठी खेळी कोणती?
(पावस येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही ‘गो’ या खेळाविषयी बोलणार आहोत. हा खेळ चीनमध्ये जन्मला आणि जपानात भरभराटीस आला. तेथील होनिंबो या नामांकित घराण्याचे संस्थापक सान्सा हे क्योतोच्या जाक्कोजी विहारातील बौद्ध भिक्षू होते.

पटावर १९ उभ्या व १९ आडव्या रेघा, म्हणजे ३६१ बिंदू. त्यावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीने ठेवून जागा वेढायची. जाणते खेळाडू बहुधा प्रथम कोपरे धरतात, मग कडा, शेवटी मध्य. परड्याला दोन बाजूंनी आधीच गडगा असेल तर उरलेल्या दोनच बाजूंना चिरे लागतात, तसेच हे.

खेळीचे मोल कसे ठरवावे? येथे आपण खेळलो तर काय मिळेल आणि प्रतिपक्ष खेळला तर काय जाईल, यांतील अंतर हेच तिचे मोल. नवशिका डिवचले तेथेच उत्तर देत बसतो. जाणता दोन सोंगट्या सोडून मोठी जागा धरतो. मात्र मोठा गट मरणार असेल तर आधी तो वाचवावा.

आपल्याच कोकणातील महाड पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी कोर्टाचा मनाई हुकूम आणला. जमलेले लोक तुरुंगात जाण्यास तयार होते. तरीही बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. सनातन्यांशी लढताना सरकारशी दुसरी आघाडी उघडू नये, हा त्यामागील विचार. खेळी सोडली, हक्क सोडला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

आज वाडीवाडीच्या सभांत कमानीच्या रंगावर तासभर चर्चा होते आणि बारावीच्या मुलीची फी ‘ऐनवेळचे विषय’ यात जाते. कमान पुढच्या वर्षीही उभी राहील. फीची मुदत पुन्हा येणार नाही. मुलांनो, शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीचे कागद ही निकडीची खेळी आहे. ती आधी करा, मग अभ्यासाचा कोपरा धरा.

एवढे बोलून आम्ही रजा घेतो. नमो बुद्धाय! जय भीम!